कंपवाताचे रसायन
लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवाताचे वर्णन केले, तेव्हा त्याचे मूळ कोणास ठाऊक नव्हते. मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी डोपामाइन नावाचे द्रव्य हालचालींचे नियमन करणाऱ्या वरच्या केंद्रांना पुरवितात. त्या झिजल्या, की हात थरथरतो, पाऊल अडखळते. डोपामाइन बाहेरून द्यावे, तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही; त्याचे पूर्वद्रव्य लेव्होडोपा मात्र शिरते. मौज अशी, की आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी ते १९३७ सालीच वेगळे केले होते! १९६१ मध्ये व्हिएन्नात ते रोग्यांना टोचले, तेव्हा अंथरुणास खिळलेली माणसे काही तासांपुरती उठून चालू लागली. झिजलेल्या पेशी मात्र या औषधाने परत येत नाहीत.