जोडी नाही, म्हणून डाव सोडायचा?

मागच्या भागात आपण बिग ब्लाइंडवर बसून कोणती पानं खेळायची ते पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी. फ्लॉपची तीन पानं उघडली, आधी रेझ केलेल्या खेळाडूने लगेच बेट टाकली. हीच कंटिन्युएशन बेट, म्हणजे सी-बेट. आता आपण काय करायचं? ऑगस्ट 2025मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे, त्यामुळे आजचं सगळं बोलणं प्रत्यक्ष टेबलावरच्या टुर्नामेंटबद्दल आहे.

आधी माझीच चूक सांगतो. पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनोत मी टुर्नामेंट खेळत होतो. एंट्रीचे पैसे दोन महिने बाजूला टाकून जमवलेले. ब्लाइंड्स 1,000 आणि 2,000, वर बिग ब्लाइंडने भरायचा 2,000चा अँटी. बटनवरच्या गृहस्थांनी 4,000चा रेझ केला, स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली, मी आणखी 2,000 घालून फ्लॉप पाहिला. काही जुळलं नाही. मी चेक केलं, त्यांनी 3,500 टाकले, मी फोल्ड. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी माझे 6,000 गेले, चार डावांत 24,000. म्हणजे 12 बिग ब्लाइंड, आणि त्या गृहस्थांना एकदाही पानं दाखवावी लागली नाहीत.

मी तीन पत्तीच्या सवयीने खेळत होतो: पान आलं तर चाल, नाही आलं तर पॅक. ही सवय इथे महाग का पडते, ते आकड्यांत बघू.

पॉटमध्ये 11,000 होते. ते जिंकायला समोरच्याने 3,500 धोक्यात घातले. 3,500 भागिले 14,500, म्हणजे साधारण 24 टक्के. मी 100 पैकी 24 पेक्षा जास्त वेळा फोल्ड करत असेन, तर हातात काहीही असलं तरी त्यांची ती बेट लगेच नफ्यात जाते. आता दुसरा आकडा. हातात जोडी नसेल तर फ्लॉपवर आपली जोडी किंवा त्याहून बरं काही साधारण तीनातून एकदाच लागतं. म्हणजे ‘जोडी नाही तर फोल्ड’ हा नियम पाळणारा तीनातून दोनदा पळतो. 24 टक्क्यांची गरज असलेल्याला मी 66 टक्के देत होतो!

आता आपल्या बाजूने बघा. मला 3,500 घालायचे होते आणि कॉलनंतर पॉट 18,000 होणार होता. म्हणजे साधारण 19 टक्के वेळा जिंकलो तरी किंमत वसूल. बेट अर्ध्या पॉटची असेल तर 25 टक्के लागतात, पूर्ण पॉटची असेल तर 33. म्हणून पहिला नियम असा: आपली पानं बघण्याआधी बेटचा आकार बघा. छोट्या बेटला बरीच पानं पुढे न्यायची, मोठ्या बेटला कमी.

पण थांबा, याचा अर्थ सगळंच कॉल करायचं असा नाही. बटनच्या विरुद्ध आपल्याला प्रत्येक फेरीत आधी बोलावं लागतं, टर्नवर दुसरी बेट येऊ शकते, त्यामुळे कागदावरचे 19 टक्के पूर्ण हाती लागत नाहीत. शिवाय बिग ब्लाइंडमध्ये आपण स्वस्तात पुष्कळ कच्ची पानं घेऊन आलेलो असतो. म्हणून 24चा आकडा ही मोजपट्टी समजा. थोडं जास्त फोल्ड केलंत तरी चालेल. 66 मात्र नाही.

मग निवड कशी करायची? दोन फ्लॉप घेऊ.

पहिला: बदामचा राजा, किलवरची सत्ती, इस्पिकची दुर्री. इथे मोठी पानं रेझ करणाऱ्याकडेच जास्त असणार, त्यामुळे तो छोटी बेट वारंवार टाकतो. सत्तीची किंवा दुर्रीची जोडी असेल तर कॉल. एक्का वरचं पान असेल तर बहुतेक वेळा कॉल. बदामची राणी आणि गुलाम असतील तरी कॉलचा विचार होतो, कारण टर्न आणि रिव्हर दोन्ही बदाम आले तर फ्लश, आणि 10 व एक्का किंवा 10 व 9 आले तर स्ट्रेट. याला बॅकडोर म्हणतात. चौकटचा गुलाम आणि चौकटची 4 असेल तर असा एकही मागचा दरवाजा नाही. ती पानं खुशाल टाका.

दुसरा: इस्पिकची 8, इस्पिकची 7, चौकटची 5. इथे चित्र बदलतं. 9-6, 6-4, 8-7 अशी पानं बिग ब्लाइंडकडे जास्त असतात. इथे नुसता कॉल पुरत नाही, चेक-रेझही करा. तयार स्ट्रेट, दोन जोड्या, आणि त्यांच्या जोडीला इस्पिकची 9 आणि गुलाम यांसारखी ड्रॉची पानं. फक्त तयार पानांनीच रेझ केलात तर समोरचा दुसऱ्याच दिवशी ओळखेल.

टुर्नामेंटमध्ये आणखी एक हिशेब असतो. बक्षिसाच्या उंबरठ्यावर, म्हणजे बबलवर, गमावलेल्या चिपची किंमत जिंकलेल्या चिपपेक्षा जास्त असते. समोरच्याचा स्टॅक आपल्यापेक्षा मोठा असेल आणि टेबलावर आपल्याहून लहान स्टॅक तग धरून असतील, तर काठावरचे कॉल सोडून द्या. डावात तिसरा खेळाडू असेल तरीही, कारण बचावाचा भार मग एकट्या तुमच्यावर नसतो.

माझ्या त्या टुर्नामेंटमध्ये बबल अजून लांब होता. ब्रेकमध्ये मी डेकवर उभा राहून हा हिशेब केला. परत आलो, तेच गृहस्थ बटनवर, तोच 4,000चा रेझ. माझ्याकडे एक्का-अठ्ठी. फ्लॉप राजा, सत्ती, दुर्री. त्यांनी पुन्हा 3,500 टाकले. या वेळी मी कॉल केला. टर्नला चेक-चेक, रिव्हरला चेक-चेक. त्यांनी राणी-गुलाम दाखवले. माझ्या एकट्या एक्क्याने 18,000चा पॉट घेतला. जोडी माझ्याकडेही नव्हती आणि त्यांच्याकडेही नव्हती.

पुढे मी बक्षिसात आलो नाही. जोडी एक्का-राजावर हरलो आणि बसने घरी परतलो. पण ते चार फोल्ड मला त्या शेवटच्या डावापेक्षा जास्त टोचले, कारण शेवटचा डाव पानांनी घेतला होता आणि ते चार मी स्वतः दिले होते.

या आठवड्यात एक करा. मित्रांसोबत बिनपैशांच्या चिप्सवर खेळा आणि बिग ब्लाइंडमधून छोट्या सी-बेटला किती वेळा फोल्ड केलं ते वहीत लिहा. दहातून पाच-सहा येत असतील, तर तुमचं भोक कुठे आहे ते सापडलं. पुढच्या भागात टर्नवर येणाऱ्या दुसऱ्या बेटबद्दल बोलू. तोवर सांभाळून खेळा.