सावली हरवते त्या दुपारी

मे महिन्यात शिरूर-दौंडची गावं माणसांनी भरलेली असतात. परीक्षा आटोपलेली मुलं, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेले सुट्टी काढून आलेले, लेकी माहेरपणाला आलेल्या. यात्रा, जागरण-गोंधळ आणि लग्नांच्या तिथींनी महिना खचाखच असतो. तरी त्यातला एकही दिवस मित्र-मैत्रिणींचा म्हणून नसतो. यात्रा गावाची आणि भावकीची, लग्न सोयऱ्याधायऱ्यांचं. फ्रेंडशिप डे येतो ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, तेव्हा सगळे पुन्हा पांगलेले असतात. उरते ती आखाड पार्टी, पण तिच्यात मैत्रिणींना जागा नसते आणि पुष्कळदा बाटलीच पाहुणी असते. म्हणून भर दुपारी सावली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस या दोन तालुक्यांतल्या दोस्तांनी आपला सण म्हणून पाळावा, असं मला मनापासून वाटतं.

असे बिनसरकारी सण रुजतात, हे महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये बागेत मोजक्या लोकांना जमवून हास्य क्लब सुरू केला. १९९८ पासून जागतिक हास्य दिन पाळला जाऊ लागला आणि आज तो मेच्या पहिल्या रविवारी अनेक देशांत साजरा होतो. डग्लस ॲडम्स या इंग्रज लेखकाचे चाहते २००१ पासून २५ मे रोजी दिवसभर टॉवेल जवळ बाळगतात. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल, पण त्या टॉवेलवरून अनोळखी माणसं एकमेकांना ओळखतात. या दिवसांना ना सुट्टी, ना शासनाचा जीआर. एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून करायची एक छोटी कृती असली, की तेवढ्यावर दिवस टिकतो.

शून्य सावलीला अशी कृती आयती मिळते, आणि तारीखही कुणी ठरवावी लागत नाही. उत्तरायणात सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकतो. त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, आपल्या अक्षांशाएवढी झाली, की मध्यान्हाला तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशीच लपते. दौंड साधारण १८.५ अंशांवर आहे, तिथे हे १३ मेच्या आसपास घडतं. शिरूर १८.८ अंशांवर, म्हणून तिथे एक-दोन दिवसांनी. सूर्य डोक्यावर येण्याची ही रेषा रोज साधारण पंचवीस किलोमीटर उत्तरेला जाते, म्हणजे दौंडचा सण भीमा ओलांडून शिरूरला पोचतो. महाराष्ट्रात सगळीकडे मे महिन्यातच ही दुपार येते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या दिल्लीला मात्र ती कधीच दिसत नाही.

तयारी अगदी थोडी. गच्चीवर किंवा अंगणात सपाट फळी ठेवायची, तिच्यावर हातभर लांबीचा पीव्हीसी पाइप उभा करायचा आणि गवंड्याच्या ओळंब्याने तो सरळ आहे ना, हे तपासायचं. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची. खुणा पाइपाकडे सरकत येतात, आणि बारा अठ्ठावीसच्या सुमारास पाइपाच्या आतून ऊन थेट फळीवर पडतं, बाहेर सावली उरत नाही. सूर्याकडे बघायचं नाही, फक्त खाली बघायचं. नागपूरला एखादी मैत्रीण असेल तर तिला त्याच दिवशी तिथल्या मध्यान्हाला मीटरभर काठीची सावली मोजायला सांगा. ती साडेचार-पाच सेंटिमीटर भरेल. ती सावली आणि दोन गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर एवढ्यावर पृथ्वीचा परीघ काढता येतो. इराटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये याच युक्तीने तो काढला होता.

भर मेच्या उन्हात हे कशाला, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सावलीतच बसवावं, खूण करायला पाळीपाळीने बाहेर यावं, हाताशी ताक ठेवावं. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला असलेल्याला रजा मिळणार नाही, हेही खरं. पण कंपनीच्या आवारात जेवणाच्या सुट्टीत बाटली उभी करून फोटो पाठवायला दहा मिनिटं पुरतात. राहिला परक्या फॅडचा आरोप. आपले जुने ज्योतिषी शंकू रोवून, त्याची सावली मोजूनच दिशा आणि अक्षांश काढत होते, तेव्हा हा आरोप टिकत नाही. ग्रीटिंग कार्डाच्या दिवसापेक्षा हा दिवस आपल्या मातीला कितीतरी जवळचा आहे, कारण त्याची तारीख आपल्याच गावाच्या अक्षांशावरून निघते.

जुलैच्या अखेरीस सूर्य परतताना पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं. मे महिन्यात वळवाचे ढग सहसा दुपार कलल्यावर जमतात. तेव्हा दोस्तांना निरोप मेसाठीच धाडा, आणि दौंड-शिरूरच्या तारखांत घोळ होऊ देऊ नका.