क्रीम उभं राहिलं पाहिजे

घरून केकच्या ऑर्डरी घेणारी बाई मे महिन्यातल्या दुपारी क्रीम फेटायला बसत नाही. ती पहाटे उठते, नाहीतर रात्री सगळे झोपल्यावर बेडरूममधला एसी लावून टर्नटेबल तिथेच मांडते. ओटा, फ्रीज, ओव्हन स्वयंपाकघरात आणि सजावट झोपायच्या खोलीत, अशी ही विभागणी मुंबई-पुण्यात आता अनेक घरांत दिसते. पाहुण्यांना त्याची गंमत वाटते, पण त्यामागे साधं कारण आहे. खोली तापली की क्रीम बसतं, आणि क्रीम बसलं की वरची फुलं, झालरी, नाव सगळंच घसरतं.

केक सजवण्याच्या कल्पना हव्या तेवढ्या मिळतात. हृदयाच्या आकाराचे, आकड्यांचे, हातोडीने फोडायचे, वर बाहुली खोचून तिचा घेर क्रीमने भरायचे. पण आपल्याकडे यातलं काय टिकलं आणि काय नाही, हे हौसेपेक्षा हवेने जास्त ठरवलं, असं माझं मत आहे.

इंग्लंडचं रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक, पिठीसाखर आणि थोडा लिंबाचा रस. वाळलं की ते कडकडीत होतं. 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या लग्नातल्या पांढऱ्याशुभ्र केकने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. जोसेफ लॅम्बेथ यांनी 1934 मध्ये आपल्या पद्धतीचं पुस्तकच काढलं. रेघेवर रेघ, झालरीवर झालर असं चढवत नेलेलं ते काम आज ‘व्हिंटेज केक’ म्हणून पुन्हा मिरवतंय. अमेरिकेत बटरक्रीम रुजलं. शिकागोत 1929 मध्ये विल्टन यांनी सजावटीचे वर्ग सुरू केले आणि पुढे त्या घराण्याच्या नावाने नोझलचे आकडे जगभर गेले. आपल्याकडे यातलं काय चालणार? अंडं अनेक घरांत चालत नाही. लोणी तिशीच्या वर पारा गेला की पाझरायला लागतं. बाजारात सहज मिळणाऱ्या ताज्या क्रीमच्या पाकिटात 25 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, आणि फेटून घट्ट उभं राहायला तो निदान 30-35 टक्के लागतो.

म्हणून सुरुवातीला आपण वनस्पती तुपावर भागवलं. वाळूवर ठेवलेल्या कुकरात, शिट्टी आणि रबर काढून भाजलेला केक. त्यावर वनस्पती आणि पिठीसाखर फेटून केलेलं आयसिंग. बटर पेपरचा कोन. कडेने जेम्सच्या गोळ्या आणि टुटीफ्रुटी. दिसायला झकास, पण ते आयसिंग टाळूला चिकटून बसायचं. मुलं ते खरवडून ताटलीच्या कडेला लावत आणि खालचा केक तेवढा खात.

मग आलं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम, आणि त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत दुधाच्या सायीवर निर्बंध होते. बफेलो शहरातल्या रॉबर्ट रिच यांनी 1945 मध्ये सोयाबीनपासून साईसारखा पदार्थ बनवला. विक्रेत्यांना दाखवायला तो बर्फात घालून रेल्वेने नेला, तर वाटेत गोठून दगड झाला. वितळवून फेटून पाहिला, तर अधिकच छान फुलला! गोठवून विकता येणारं क्रीम हा धंदा त्यातून उभा राहिला. आज आपल्याकडच्या पाकिटांत बहुधा पामच्या बियांचं तेल, साखर, पाणी आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारे घटक असतात. दूध नाही, अंडं नाही, आणि लोण्यापेक्षा उकाडा जास्त सोसण्याची ताकद. चवीला हे क्रीम खऱ्या साईच्या जवळपासही जात नाही, हे मात्र कबूल करायला हवं. पण घरगुती केकचा आपल्याकडचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

त्याचं तंत्र थोडक्यात असं. पाकीट फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर असतं. आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात आणायचं. भांड्यात ओतताना बर्फाचे थोडे कण शिल्लक असले तर उत्तम. भांडं आणि बीटरची पातीही गार हवीत. आधी मंद, मग मध्यम वेगावर फेटलं की ते तिप्पट-चौपट फुलतं. पातं उचलल्यावर शेंडा वाकला तर ते आतल्या थरांना योग्य. शेंडा ताठ उभा राहिला तर फुलांना. यापुढे आणखी मिनिटभर बीटर चालू राहिला की क्रीम दाणेदार होतं आणि त्यात हवेचे फोड दिसू लागतात. अशा वेळी न फेटलेलं थोडं पातळ क्रीम घालून हलक्या हाताने ढवळलं तर बरंचसं सावरतं.

केकवर हात चालताना पाहणं हा वेगळाच आनंद. स्पंजचे थर कापून, साखरेच्या पाण्याने भिजवून, मध्ये क्रीम भरून ते एकावर एक बसवतात. मग पातळसा पहिला हात, ज्याला सगळ्या जणी ‘क्रंब कोट’ म्हणतात. भुगा त्यात अडकून राहतो आणि वर येत नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये, नंतर दुसरा जाड हात. डाव्या हाताने टर्नटेबल फिरतं, उजव्या हातातला स्क्रॅपर मात्र जागचा हलत नाही. नवशिकी इथेच चुकते. ती स्क्रॅपर फिरवते. वरच्या कडेला क्रीमचा उभा कठडा तयार होतो, तो पॅलेट नाइफने बाहेरून मध्याकडे ओढून घेतला की धार सुरेख येते. मग पायपिंग बॅग. वन एम हे मोठ्या चांदणीच्या तोंडाचं नोझल जवळजवळ प्रत्येकीकडे असतं. मध्यापासून बाहेर गोल फिरवलं तर गुलाब, बाहेरून आत फिरवत वर नेलं तर कपकेकवरचा शेंडा. 104 नंबरने पाकळ्या, 352 ने पानं, 233 ने गवत. दाब कधी सोडायचा हे कळण्यात खरं कसब आहे. दाब सोडायच्या आधी हात उचलला तर शेपूट निघतं. करंजीला मुरड घालणाऱ्या बोटांना हे लवकर जमतं, असं क्लास घेणाऱ्या बायका सांगतात आणि ते मला पटतं.

फाँडंटबद्दल माझं मत जरा कडवट आहे. साखर, ग्लुकोज, जिलेटिन आणि ग्लिसरीनचा हा गोळा लाटून अख्खा केक झाकला की फोटो देखणा येतो. पण कोकणातल्या जुलैत तो फ्रीजमधून काढला की हवेतली वाफ ओढून घामेजतो, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात लाटता लाटता तडकतो. शिवाय खाणारे ते साल सोलून बाजूला ठेवतात. बाळाचे बूट, मोर, नथ अशा छोट्या वस्तू आधी करून वाळवून ठेवायला मात्र त्याला तोड नाही. रॉयल आयसिंगचं म्हणाल तर पुण्याच्या प्राची धबल देब यांनी ते अंड्याशिवाय साधलं. मिलानच्या कॅथेड्रलवरून प्रेरणा घेऊन त्यांनी 100 किलोंची खाण्याजोगी इमारत उभारली.

इथल्या सणसमारंभांनी या कलेला आपले विषयही दिले. डोहाळजेवणाला पाळणा आणि हिरव्या बांगड्या, बारशाला बाळाचे पाय, सासूबाईंच्या साठीला पैठणी. पैठणीचा केक म्हणजे घडी घातलेला पदर, त्यावर मोर, आणि काठाला सोनेरी चमक. या सोनेरी भुकटीची डबी उलटून वाचावी. ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली भुकटी खाण्यासाठी असतेच असं नाही. ‘एडिबल’ लिहिलेली आणि घटकांची यादी असलेलीच घ्यावी. ताज्या फुलांचंही तेच. कण्हेर विषारी, ती केकच्या आसपासही नको. बाजारच्या गुलाबांवर फवारणी झालेली असते, म्हणून देठ थेट क्रीममध्ये न खोचता गुंडाळून, नळीत घालून लावतात.

गडद रंग हे आणखी एक दुखणं. लालभडक किंवा काळं क्रीम करायला इतका रंग लागतो की जीभ कडू होते. जाणत्या बायका काळ्यासाठी आधी कोको घालतात, जेल रंग वापरतात आणि क्रीम तासभर ठेवतात, कारण रंग आपोआप गडद होत जातो. आपल्याकडे खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि केकसाठी मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम. 2024 मध्ये कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने बेंगळुरूतल्या बेकऱ्यांचे 235 नमुने तपासले, त्यातले 12 घातक निघाले. त्यांत रेड व्हेल्वेट आणि ब्लॅक फॉरेस्टही होते. घरचा केक फिकट गुलाबी असला तर त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

दोन मजली केकचं गणित वेगळं. वरचा मजला खालच्या स्पंजवर टेकलेला नसतोच. खालच्या केकमध्ये त्याच्याच उंचीला कापलेल्या काड्या किंवा जाड स्ट्रॉ उभ्या रोवतात, वरच्या केकखाली स्वतःचा पुठ्ठा असतो, आणि भार त्या काड्यांवर जातो. नेताना केक गाडीच्या सपाट तळाशी, एसी लावून. मांडीवर कधीही नाही, कारण मांडी उतरती असते आणि अंगाची ऊबही लागते.

आणि हे सगळं गिऱ्हाइकाला अर्ध्या किलोत हवं असतं! परदेशी लग्नातल्या चार मजली केकचा फोटो येतो, खाली मजकूर, ‘ताई, असाच, पण हाफ केजी, एगलेस.’ अर्ध्या किलोचा केक पाच-सहा इंची टिनात मावतो. त्यावर मजले चढत नाहीत. मग तोडगा निघतो तो खालचा मजला थर्माकोलचा करण्याचा. लोक बिचकतात, त्यांना ही फसवणूक वाटते. पण 1940 मध्ये युद्धामुळे इंग्लंडात केकवर साखरेचं आयसिंग करायला बंदी आली, तेव्हा तिथल्या नवरानवरीने पुठ्ठ्याचे नक्षीदार डोलारे भाड्याने आणले, आत लहानसा केक झाकला आणि फोटो काढून घेतले. आपल्याकडे एवढंच करावं लागतं, की बॉक्सवर ठळक अक्षरांत लिहून द्यायचं: कापायचा तो वरचाच.