पॅट समिट
पॅट्रिशिया स्यू हेड समिट (१४ जून, १९५२ - २८ जून, २०१६) या अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षक होत्या. १९७४ ते २०१२ अशी सलग ३८ वर्षे त्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या.

समिट यांचा जन्म टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल येथे झाला. वयाच्या २२व्या वर्षी त्यांच्याकडे संघाची सूत्रे आली. शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा १९७२ मध्ये संमत झाला असला, तरी महिलांच्या खेळांना मिळणारा निधी तुटपुंजाच होता. दरमहा २५० डॉलर वेतनावर काम करणाऱ्या समिट संघाची गाडी स्वतः चालवीत आणि खेळाडूंचे गणवेशही धूत.

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांनी खेळाडू म्हणून रौप्यपदक मिळवले. १९८४ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. १९८७ ते २००८ या काळात टेनेसीने ८ राष्ट्रीय विजेतेपदे पटकावली. १९९७-९८ च्या हंगामात संघाने सर्व ३९ सामने जिंकले. समिट यांच्या कारकिर्दीत १,०९८ विजय आणि २०८ पराभवांची नोंद आहे. टेनेसीकडून खेळण्याची आपली पूर्ण मुदत संपवणाऱ्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवीही मिळवली.

ऑगस्ट २०११ मध्ये आपल्याला अल्झायमर झाल्याचे त्यांनी जाहीर केले. त्यानंतरही आणखी एक हंगाम प्रशिक्षण देऊन त्या एप्रिल २०१२ मध्ये पायउतार झाल्या. त्याच वर्षी त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा अमेरिकेतील सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. नॉक्सव्हिल येथे त्यांचे निधन झाले.