आपलाच माल, आपल्यालाच बीजक!

वेल्ह्याचा आंबेमोहोर हल्ली मोबाइलवर विकला जातो. भोरचा माझा भाचा तो धंदा करतो. त्यातली मेख त्यानेच मला सांगितली. “मामा, गिऱ्हाइकाला पिशवी उद्याच हवी. म्हणून माल आधीच त्याच्या जवळच्या गोदामात ठेवायचा!”

भिवंडीचे गोदाम आपल्या नोंदणीत दाखवले, की तिथे साध्या चलनावर माल जातो. पण बंगळूरला धाडा, की 2017च्या जीएसटी कायद्याने तो ‘पुरवठा’ ठरतो. तिथे वेगळी नोंदणी, स्वतःलाच बीजक, आणि लेबलवाल्या पिशवीवर विक्रीआधीच कर! वजावट मिळते, पण तांदूळ खपेपर्यंत भांडवल अडकते.

म्हणून भाचा आधी दहाच पिशव्या पाठवतो. आधी तरवा, मग लावणी. भातशेतीचाच हा धडा, नाही का?