चॅपल हिलचे दोन संघ

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे पुरुष आणि महिला फुटबॉल संघ चॅपल हिल येथे एकाच मैदानावर खेळतात, तोच आकाशी निळा गणवेश घालतात आणि ‘टार हील्स’ हेच नाव लावतात. यशात मात्र दोघांचे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुरुषांनी राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद 2001 आणि 2011 असे दोनदा मिळवले. महिलांनी 2024 अखेर 23 वेळा. वास्तविक पुरुषांचा संघ 1947 पासूनचा, म्हणजे महिलांच्या संघापेक्षा तीस वर्षांहून अधिक थोरला.

महिला संघाची सुरुवात विद्यार्थिनींच्या आग्रहातून झाली. हौशी क्लब म्हणून खेळणाऱ्या मुलींनी विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा मागितला आणि 1979 मध्ये तो मिळाला. प्रशिक्षकपद अ‍ॅन्सन डोरन्स यांच्याकडे आले. वडील तेल कंपनीत असल्यामुळे डोरन्स यांचा जन्म 1951 मध्ये मुंबईत झाला आणि बालपण आशिया, आफ्रिका व युरोपात फिरतीवर गेले. ते याच विद्यापीठात खेळले आणि 1977 पासून पुरुष संघ सांभाळत होते. पुढे 1988 पर्यंत दोन्ही संघांची धुरा एकट्या त्यांच्याकडेच होती.

मागणी मान्य होण्यामागे कायद्याचे बळ होते. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगभेद करता येणार नाही, असे 1972 च्या ‘टायटल नाइन’ने ठरवले होते. तरीही बहुतेक विद्यापीठे ढिम्म होती. चॅपल हिलने उडी लवकर घेतली, त्यामुळे देशभरातल्या उत्तम मुली तिथे जाऊ लागल्या. विद्यापीठाने 1981 मध्ये पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी महिलांची स्पर्धा महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना असलेल्या एनसीएएच्या छत्राखाली आली, तीही त्यांनीच जिंकली. 1985 च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाने त्यांना हरवले, पण 1986 ते 1994 अशी सलग नऊ वर्षे चषक चॅपल हिललाच राहिला. प्रतिस्पर्धी कमी होते, हे या पराक्रमाचे मोल करताना विसरता येत नाही. पण ज्यांनी दालन उघडले, त्यांनाच त्यात आधी पाऊल टाकल्याबद्दल बोल लावणेही योग्य नव्हे.

केवळ आधी सुरुवात केल्याने इतका टिकाव लागला नसता. सराव हीच स्पर्धा, हे डोरन्स यांचे सूत्र. बास्केटबॉलचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सरावातून त्यांनी नोंदी ठेवण्याची पद्धत उचलली. धावण्याची शर्यत असो, एकास एक झुंज असो की हवेतल्या चेंडूसाठी डोक्याने केलेली चुरस, प्रत्येकीची हारजीत कागदावर उतरवली जाई आणि क्रमवारी सर्वांना दिसेल अशी लावली जाई. मैत्रिणीला हरवणे मुलींना अवघड जाते, या समजुतीला दिलेले ते रोखठोक उत्तर होते. सामन्यात तीन बचावपटू, चार मध्यरक्षक, तीन आघाडीवीर अशी मांडणी आणि चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणे. एवढी दमछाक परवडते, कारण महाविद्यालयीन नियमांत बाहेर गेलेली खेळाडू पुन्हा आत येऊ शकते. डोरन्स अर्धा संघ एकदम बदलत.

1989 ते 1993 या काळात खेळलेल्या मिया हॅमने विद्यापीठासाठी 103 गोल केले. तिच्या 95 सामन्यांत संघ एकदाच हरला. डोरन्स 1986 ते 1994 राष्ट्रीय महिला संघाचेही प्रशिक्षक होते. चीनमध्ये 1991 चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने नॉर्वेला 2-1 ने हरवून जिंकला, तेव्हा 18 जणींच्या चमूत निम्म्या चॅपल हिलच्या होत्या. पुढे इंग्लंडच्या लूसी ब्राँझ आणि अलेसिया रुसोही इथे खेळून गेल्या.

या कारकिर्दीला काळी किनारही आहे. 1998 मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स आणि विद्यापीठावर लैंगिक छळाचा खटला भरला. डोरन्स यांनी आरोप नाकारले. दोघींचे दावे कालांतराने तडजोडीने मिटले. प्रशिक्षक आणि तरुण खेळाडू यांच्यातली सलगी कुठे थांबावी, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

इतर विद्यापीठांनी पैसा ओतला, तशी मक्तेदारी सैल झाली. 2012 नंतर बारा वर्षे चषक आला नाही. 2022 च्या अंतिम सामन्यात दोन गोलांची आघाडी हातात होती. यूसीएलए विद्यापीठाने ती भरून काढत 16 सेकंद उरले असताना बरोबरी साधली आणि जादा वेळेत 3-2 ने बाजी मारली. ऑगस्ट 2024 मध्ये डोरन्स निवृत्त झाले. त्याच हंगामात हंगामी प्रशिक्षक डेमन नाहास यांच्या हाताखाली संघाने वेक फॉरेस्टला 1-0 असे हरवून विजेतेपद परत मिळवले.

पुरुषांची गोष्ट वेगळ्या गणिताची आहे. 2001 मध्ये एल्मार बोलोविच यांच्या संघाने इंडियानाला 2-0 ने नमवले. 2011 मध्ये कार्लोस सोमोआनो यांनी पहिल्याच वर्षी शार्लटविरुद्ध 1-0 असा चषक जिंकला. पुरुष संघापुढे जुने, मातब्बर प्रतिस्पर्धी अनेक, आणि गुणी मुलगा विद्यापीठात येण्याआधीच व्यावसायिक क्लबच्या गळाला लागण्याची शक्यता मोठी. शिवाय एनसीएएच्या नियमांनुसार महिला संघाला 14 शिष्यवृत्त्या, तर पुरुषांना 9.9 मिळत, आणि त्या सगळ्या संघात तुकड्यांनी वाटायच्या असत. टायटल नाइननुसार पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलच्या 85 शिष्यवृत्त्यांचा तोल सांभाळताना कात्री लागली ती पुरुषांच्या इतर खेळांना. एनसीएएविरुद्धच्या खटल्यातील तडजोडीनंतर 2025-26 पासून त्यात सहभागी विद्यापीठांसाठी ही मर्यादा गेली आणि दोन्ही संघांना 28 खेळाडूंची समान कमाल संख्या ठरली. शिष्यवृत्त्यांसाठी किती पैसा द्यायचा, हे आता प्रत्येक विद्यापीठाच्या तिजोरीवर अवलंबून आहे.