दमा, नाकात कोंब अन् वेदनाशामक गोळी : तिन्हींची गाठ धोक्याची

कोल्हापूर : डोके दुखले, कंबर धरली की मेडिकलमधून एक गोळी आणायची, हा घरोघरचा रिवाज. मात्र दमा आणि जुनाट सायनस असलेल्या काहींना हीच गोळी जिवावर बेतू शकते.

आजार कोणता?
दमा, नाकातील कोंब (पॉलिप) आणि अ‍ॅस्पिरिन गटातील गोळ्या न सोसणे, या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. फ्रान्समधील डॉ. विडाल यांनी १९२२ मध्ये त्याची नोंद केली. पुढे अमेरिकेतील डॉ. मॅक्स सॅम्टर यांच्यावरून 'सॅम्टर त्रयी' हे नाव रूढ झाले. जगभरातील अभ्यासांनुसार प्रौढ दमेकऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के, तर दम्यासोबत कोंबही असलेल्यांत सुमारे ३० टक्के आहे.

असे का होते?
अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे 'कॉक्स-१' हे विकर रोखतात. त्यामुळे दाह आवरणारे प्रोस्टाग्लँडिन घटते आणि श्वासनळ्या आवळणारी ल्युकोट्रिन्स वाढतात. साधारण ३० मिनिटे ते ३ तासांत नाक गळते, चोंदते, छातीत घरघर सुरू होते. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नसल्याने रक्ताच्या साध्या तपासणीत ती सापडत नाही. रुग्णाने सांगितलेली हकिकतच महत्त्वाची ठरते.

उपचार काय?
गोळ्या टाळल्या तरी कोंब वाढतच राहतात. त्यामुळे मिठाच्या पाण्याने नाक धुणे, स्टेरॉइडचा स्प्रे, माँटेलुकास्ट आणि गरजेनुसार दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली जाते. कोंब पुन्हा उगवण्याचा धोका मोठा असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काहींना रुग्णालयातील देखरेखीखाली अ‍ॅस्पिरिनची मात्रा हळूहळू वाढवत सवय लावतात. नंतर ती रोज घ्यावी लागते. काही दिवस खंड पडला तरी सवय मोडते. हा प्रयोग घरी करू नये. ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शनेही आहेत, पण ती महाग आहेत.

काय काळजी घ्यावी?
* सीपीआर असो वा खासगी दवाखाना, कोणती गोळी सोसत नाही ते केसपेपरवर लिहून घ्यावे. दाताच्या डॉक्टरांनाही सांगावे.
* पाकिटावरील घटक वाचावेत. पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात.
* नुसते पॅरासिटामॉल कमी मात्रेत बहुतेकांना चालते. तरी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.
* हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू असेल तर स्वतःहून बंद करू नये.
* गोळीनंतर धाप लागल्यास इनहेलर घेऊन तातडीने १०८ ला फोन करावा.